ग्रीस लावलेले चार बोल्ट

हेडसर पोलिसाला घेऊन आले, तेव्हा भंगारवाली पितळेच्या ढिगापाशी बसून जुन्या नळांमधले रबरी वायसर पेचकसाने उचकटत होती. सकाळचे अकरा वाजत आले होते. गेट अर्धं उघडंच होतं, तरी पोलिसाने ते काठीने वाजवलं.

“गेट पूर्ण उघडा, बाई.”

“गाडी आत घ्यायचीय?”

“झडती घ्यायचीय.”

ती उठली नाही. पोलिसाच्या मागे उभ्या असलेल्या हेडसरांकडे तिने पाहिलं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडी ते अजून हेडसरच होते. त्यांच्यामागे पूल जतन समितीचे चौघे होते आणि त्या चौघांच्या मागे हाताला काम नसलेले आठ-दहा जण.

“गावाबाहेरच्या दगडी पुलावरची पाटी काल चोरीला गेली,” हेडसर म्हणाले. शाळा भरल्यावर सूचना वाचून दाखवावी तसा त्यांचा आवाज होता. “कांस्याची आहे. पस्तीस किलो. आता कांसं कुणाच्या कामाचं असतं, हे मी सांगायला नको.”

“मग सांगू नका,” ती म्हणाली. “आत या आणि बघा.”

तिच्या आवाराला एक शिस्त होती. नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती एकटी हा धंदा बघत होती आणि तो होता तेव्हाही माल निवडायचं काम तिचंच होतं. तांबं भिंतीलगत, पितळ पत्र्याच्या शेडखाली, मग ॲल्युमिनियम, शिसं, बिडाचं लोखंड, आणि गेटाजवळ नुसता पत्रा. असे सहा ढीग. पंधरा दिवसांनी ट्रक यायचा, तोवर हाताने एकेक तुकडा ओळखून, घासून, कापून ती ते लावत असे. त्या दिवशी ट्रक यायला दोन दिवस राहिले होते.

दीड तासात सहा ढिगांचा एक ढीग झाला. समितीतल्या एकाने तर बॅटरीच्या शिशाची पोती थेट तांब्यावर ओतली. दुसरा स्वयंपाकघरात शिरला आणि पिठाच्या डब्यात हात घालून आला.

“पस्तीस किलोची पाटी पिठाच्या डब्यात मावते का हो?” तिने विचारलं.

“तुकडे केले तर मावते,” तो म्हणाला आणि पांढरा हात तिथेच दाराच्या पडद्याला पुसला.

काही सापडलं नाही. पोलिसाने तसं लिहून तिची सही घेतली. हेडसर गेटापाशी थांबले, बाहेर जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “सापडली नाही, याचा अर्थ इथे आलीच नव्हती असा होत नाही.” मग सगळे गेले.

पुढच्या खोलीत नणंद शिवणयंत्रावर बसली होती. ती भंगारवालीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्म भावाच्या घरात काढला आणि गावातल्या निम्म्या बायकांचे कपडे तिनेच शिवले. झडती चालू होती तेव्हा तिने यंत्र थांबवलं नव्हतं. आता थांबवलं.

“वहिनी, खरं सांग. तुझ्याकडे आली होती का ती पाटी?”

भंगारवाली दारातच उभी राहिली. परक्यांनी घर उसकटलं त्याने जेवढं लागलं नव्हतं, तेवढं या प्रश्नाने लागलं.

“नाही.”

“दादा असता तर कुणाची हिंमत नव्हती गेटात पाय टाकायची,” नणंद म्हणाली आणि पुन्हा यंत्र चालू केलं. ‘नाही’ हे उत्तर तिने घेतलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

पुढे आठवडाभर कुणी माल घेऊन आलं नाही. ट्रक आला, तो सगळा माल एकत्र झालेला बघून रिकामाच परत गेला. गावातली माणसं नदीपलीकडच्या भंगारवाल्याकडे जाऊ लागली. किराणा दुकानात ती शिरली की गप्पा बंद व्हायच्या. एका बाईने काउंटरवरची पर्स उचलून काखेत धरली, तीही हळूच नाही, चांगली दिसेल अशी. गेटावर कुणीतरी खडूने ‘चोर’ लिहिलं. तिने ते पुसलं, तर दुसऱ्या दिवशी रंगाने लिहिलं. नणंदेकडे कपडे शिवायला टाकलेल्या दोघी आपलं कापड न शिवताच परत घेऊन गेल्या. त्या दिवसापासून नणंद स्वतःचं ताट वाढून घेऊन यंत्रापाशी बसू लागली.

“माझं काम बुडतंय तुझ्यापायी,” ती एवढंच म्हणाली.

भंगारवाली तशी भांडखोर नव्हती, पण तिच्या डोक्यात राग एकदा बसला की भाड्याने राहायला आल्यासारखा सामानसुमान लावून बसायचा. आठव्या दिवशी दुपारी ती चालत पुलावर गेली. पाटी शोधावी असं तिच्या मनात नव्हतं. ज्या वस्तूपायी आपलं नाव मातीत गेलं, ती होती तरी कुठे, हे एकदा बघावं, एवढंच.

पूल गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. तीन कमानी, खाली आटलेली नदी, बाजूने झुडपं. नवा रस्ता झाल्यापासून इकडून फक्त शेतात जाणारी माणसं जायची. पाटी होती त्या कठड्याच्या दगडावर एक फिकट चौकोन राहिला होता आणि चारी कोपऱ्यांत दगडात शिसं ओतून बसवलेले चार बोल्ट.

ती वाकली. दगडाच्या कडेवर हात फिरवला. कुठे टवका नाही, पहारीचा ओरखडा नाही. तिने आयुष्यभर चोरीचा माल पाहिला होता. तो घ्यायचा नाही तर तो ओळखावा लागतो. घाईत उपसलेल्या वस्तूचे कोपरे दुमडलेले असतात, बोल्ट करवतीने कापलेले असतात. इथे नट सावकाश, पान्याने फिरवून काढले होते. शिवाय प्रत्येक बोल्टवर कापडाची पट्टी गुंडाळून वर सुतळी बांधली होती. पोलिसाने त्या पट्ट्या पाहिल्या असणार, समितीनेही पाहिल्या असणार. तिने एक सोडली. आत पिवळं ग्रीस होतं, बोटभर जाड, आट्यांमध्ये नीट चोळून भरलेलं.

ती कठड्यावर टेकून बसली. पाटी पळवणारा माणूस बोल्ट गंजू नयेत म्हणून त्यांना ग्रीस कशाला लावेल? ते ग्रीस लावतो तो, ज्याला त्याच बोल्टांवर पुन्हा काहीतरी बसवायचंय.

तिने पट्टी होती तशी बांधली आणि तिथूनच ओतारीच्या कारखान्यावर गेली.

ओतारी तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. गावातले नळ, घंटा, कड्या, दरवाज्यांच्या मुठी सगळं तोच ओतायचा. त्याला लागणारं पितळ आणि तांबं तिच्याच आवारातून जायचं. दोन वर्षांपूर्वी ती पाटीही त्यानेच ओतली होती. तो साच्याची माती चाळत होता. तिला पाहून त्याने चाळणी खाली ठेवली आणि हात पँटला पुसत राहिला, पुसून झाले तरी.

“चहा घेता, वहिनी?”

“नको. पिवळं ग्रीस कुठे ठेवता, भावोजी?”

त्याने भट्टीकडे पाहिलं. भट्टी विझलेली होती. मग उठून तो कोपऱ्यात गेला आणि गोणपाटं बाजूला केली. खाली पाटी होती. तिला एक चरासुद्धा गेलेला नव्हता.

“वितळवायला सांगितलीय,” तो म्हणाला. “हातून होत नाही. एवढं स्वच्छ काम माझ्याकडून परत व्हायचं नाही. अक्षरं बघा. एक बुडबुडा नाही.”

“कुणी सांगितली?”

“हेडसरांनी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अभिलेख कार्यालयातल्या कुणा बाईंचं समितीला पत्र आलं होतं. पूल सरकारी यादीत घ्यायचा तर साल दुरुस्त करावं लागेल. पाटीवर १८७१ होतं. ते साल आधीच्या लाकडी पुलाचं, तो पुरात वाहून गेला. हा दगडी पूल १८८४ चा. हेडसरांनी वीस वर्षं गावाला सांगितलं होतं की आपला पूल सगळ्या पंचक्रोशीत जुना. नदीपलीकडच्या गावाचा पूल १८७९ चा, म्हणून त्या गावाला त्यांनी भर सभेत खिजवलं होतं. त्यांच्या पुस्तिकेतही तेच साल. आता आपण चुकलो असं म्हणायचं कुणाच्या तोंडाने?

“मला म्हणाले, एक दिवस दुपारी काढून आण. चोरीला गेली म्हणू. नवी ओत, अगदी तशीच, फक्त दोन आकडे बदल. पाटी कोण वाचतं, म्हणाले.” ओतारी खाली बघत बोलत होता. “मी भरदिवसा टेम्पो घेऊन गेलो, वहिनी. शेतावर निघालेले परगावचे तिघे मजूर बाजूने गेले. एकाने तर पाना धरायला मदत केली. पाना हातात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.”

“माझी झडती झाली, ते कळलं तुम्हाला?”

“कळलं.”

“मग?”

“वाटलं, दोन दिवसांत विसरतील.”

तिने पाटीजवळ बसून ती पहिल्यांदाच पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. शेवटी हेडसरांचं नाव होतं, पुलाच्या सालापेक्षा मोठ्या अक्षरात. पाटीला तिने बोटसुद्धा लावलं नाही. ही वस्तू हातात घेऊन आपण गेटाबाहेर पडलो, तर आपण खरंच चोर होऊ, एवढं तिला कळत होतं.

“वितळवू नका,” ती उठत म्हणाली.

“माझं नाव घेऊ नका, वहिनी. शाळेची, समितीची सगळी कामं त्यांच्या शब्दावर मिळतात मला.”

“तुमच्या घरात शिरून पिठात कुणी हात घातला नाही,” ती म्हणाली आणि निघाली.

हेडसरांच्या घरी दार सुनेने उघडलं. तिने भंगारवालीला उंबऱ्याबाहेर उभं केलं, आत जाऊन विचारलं, मग परत येऊन चपला लांब काढायला सांगितल्या. हेडसरांची खोली पुस्तकांनी भरलेली होती. टेबलावर त्यांच्याच पुस्तिकेचे गठ्ठे होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही.

“बोल्टना ग्रीस लावलंय, सर,” ती म्हणाली.

“कसले बोल्ट?”

“पुलावरचे. मी आत्ता ओतारीकडून येतेय.”

हेडसरांनी उठून दार लावलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा दोनदा बदलला. तिसऱ्यांदा तो शाळेतल्यासारखा झाला.

“हे बघा, तुमच्यावर कुणी आरोप ठेवलेला नाही. पोलिसांच्या कागदावर तुमच्याकडे काही मिळालं नाही, असंच आहे.”

“गेटावर वेगळं लिहिलंय.”

“लोकांच्या तोंडाला मी हात लावू शकत नाही.”

“तुम्हीच त्यांच्या तोंडात ते घातलंत, सर. गेटापाशी उभं राहून.”

ते परत खुर्चीत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला काय हवंय? सरळ सांगा.”

तिने वाटेत पुष्कळ ठरवलं होतं. चार लोकांत माफी, पोलिसात जबानी, काय काय. पण समोर ते बसलेले पाहिल्यावर तिला त्यांचे हात दिसले. मऊ, नखं कापलेली, एका बोटावर शाईचा डाग.

“माझे सहा ढीग होते. तुमच्या माणसांनी त्याचा एक केला. तो वेगळा करायला या.”

“माणसं पाठवतो उद्या.”

“माणसं नकोत. तुम्ही.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतरचं त्यानंतर.”

हेडसर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, डोक्यावर टोपी आणि हातात बागकामाचे हातमोजे घालून. तिने त्यांना बसायला एक उपडं पिंप दिलं आणि हातात लोहचुंबक ठेवलं.

“लोखंडाला चिकटतं, पितळेला नाही. एवढं तुमच्या चौथीच्या पुस्तकात होतं.”

त्यांनी कामाला सुरुवात केली. वरून पिवळा मुलामा दिलेली जस्ताची मूठ त्यांनी पितळेत टाकली. तिने ती उचलून कानशीने एकदा घासली, आतला राखाडी रंग दाखवला आणि त्यांच्याच मांडीवर परत टाकली. शिशाच्या तुकड्यांनी त्यांची बोटं काळी झाली. दुपारपर्यंत त्यांना पाठ सरळ करता येईना. ती मुद्दाम त्यांच्या समोर बसून काम करत होती. त्यांच्या एका ढिगाला तिचे तीन व्हायचे. तिला आतून गार वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती पोटभर जेवली.

पण गेट उघडं होतं आणि गाव बघत होतं.

पहिल्या दिवशी लोक नुसते थांबून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी न्हावी आत आला, हेडसरांना नमस्कार करून म्हणाला, “सर, तुमचं मन मोठं. दुसरा कुणी असता तर तोंड पाहिलं नसतं.” हेडसरांनी मान खाली घातली. भंगारवालीला वाटलं, शरमेने घातली. तासाभराने किराणावाल्याची बायको आली, तिने सरांसाठी गार पाणी आणलं. भंगारवालीला विचारलंही नाही. नंतर तर नणंदच पुढच्या खोलीतली खुर्ची उचलून घेऊन आली.

“सर, पिंपावर कशाला बसता? यावर बसा,” ती म्हणाली आणि वहिनीकडे असं बघितलं, की एवढ्या मोठ्या माणसाला उकिरड्यात बसवलंस, काही वाटतं का.

तिसऱ्या दिवशी सकाळी समितीतला तो पिठात हात घालणारा गेटाशी आला. “सर, येत्या रविवारी नव्या पाटीचं अनावरण, आणि तुम्ही इथे काय करताय?”

हेडसर खुर्चीवर मागे टेकले. हातातलं चुंबक त्यांनी पेनासारखं धरलं होतं. “चूक प्रत्येकाकडून होते,” ते म्हणाले. “माणसाला सुधारायची एक संधी द्यायला हवी. आपण त्याला जवळ केलं नाही तर कोण करणार?”

ते भंगारवालीकडे बघून बोलले नाहीत. बघायची गरजही नव्हती. समितीवाल्याचे डोळे भरून आले. तीन दिवस जो माणूस आपल्या पायाशी बसलाय असं तिला वाटत होतं, तो तिथेच बसून, तिच्याच आवारात, तिच्या चोरीवर पक्का शिक्का मारत होता.

तिने हातातली कानस खाली ठेवली. “उठा, सर.”

“हा एवढा भाग संपवतो.”

“उठा. खुर्ची माझ्या घरातली आहे.”

ते गेल्यावर नणंद आतून आली. “कसं बोललीस त्यांच्याशी?”

तेव्हा भंगारवालीने तिला सगळं सांगितलं. बोल्ट, ग्रीस, ओतारी, पत्र, साल. नणंद शिलाईचा दोरा बोटाला गुंडाळत ऐकत होती.

“हेडसर असं करतील?” ती शेवटी म्हणाली. “मला त्यांनी शिकवलंय. ते तीन दिवस तुझ्याकडे घाण उपसताहेत आणि तू त्यांच्यावर ढकलतेस?”

“ओतारीला विचारून ये.”

“मी कशाला विचारू? उद्या तेही तुझ्याच बाजूने बोलायचे. धंदा आहे तुमचा एकमेकांशी.”

शनिवारी भंगारवाली वाचनालयात गेली. पहिल्या अनावरणाचा मोठा फोटो तिथे भिंतीवर लावलेला होता. हेडसर मध्ये, समिती दोन्हीकडे आणि मधोमध पाटी, अक्षर न् अक्षर दिसेल अशी. तिने तो एका दिवसासाठी मागितला.

ग्रंथपालाने चष्म्यावरून पाहिलं. “फोटो बाहेर देत नाही. आणि तुम्हाला तर नाहीच.”

रविवारी सकाळी दहा वाजता पुलावर सव्वाशे माणसं जमली होती. नव्या पाटीवर निळं कापड टाकलं होतं. अभिलेख कार्यालयातल्या बाईही आल्या होत्या. ठेंगण्या, पायात बूट, खांद्याला कागदांची पिशवी. ओतारी अगदी मागे झुडपाच्या सावलीत उभा होता. नणंद पुढच्या रांगेत होती. भंगारवाली आली तसे लोक बाजूला झाले. वाट दिली असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं.

हेडसर बोलले. जुनी पाटी गेल्याचं दुःख बोलले, गावाने खचून न जाता महिन्याच्या आत नवी उभी केली ते बोलले, आणि क्षमा करण्यातही एक इतिहास असतो असंही बोलले. टाळ्या पडल्या. कापड बाजूला झालं.

टाळ्या थांबल्या तशी ती म्हणाली, “जुन्या पाटीवर साल वेगळं होतं.”

आवाज फार मोठा नव्हता, पण पूल दगडाचा होता आणि सगळे गप्प होते.

“अक्षरशः जुन्यासारखीच केली आहे,” हेडसर म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं. “आज तरी, बाई…”

“जुनीवर १८७१ होतं. हिच्यावर १८८४ आहे. वाचा.”

लोक पुढे सरकले आणि पाटी वाचू लागले. वाचता वाचता एकमेकांकडे बघू लागले. जुनीवर काय होतं, ते खात्रीने कुणालाच सांगता येईना. कार्यालयातल्या बाईंनी पिशवी पुढे घेतली.

“बरोबर आहे त्यांचं,” त्या म्हणाल्या. “१८७१ होतं. म्हणून तर मी समितीला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. मला वाटलं, तुम्ही दुरुस्ती केलीत. पाटी चोरीला गेली, हे मला इथे येऊन कळतंय.”

“पत्र कधी आलं होतं?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

बाईंनी तारीख सांगितली. चोरीच्या आधी चार दिवसांची.

ग्रंथपाल पुढच्याच रांगेत होता. “फोटो आहे वाचनालयात,” तो पुटपुटला. “त्यात १८७१ च आहे. मी रोज बघतो.” आपण काय बोललो ते बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं.

हेडसरांचा आवाज आता थोडा वर चढला. “नवी करायचीच होती, म्हणून साल दुरुस्त केलं. त्यात काय बिघडलं? चोरी ती चोरी. जुनीचं काय झालं, ते या बाईंना विचारा. ती केव्हाच वितळून कुठे तरी नळाच्या तोट्या झाली असेल.”

“वितळलेली नाही,” मागून आवाज आला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ओतारी सावलीतून बाहेर आला होता. त्याचे कान लाल झाले होते.

“तिच्या तोट्या करायला मी वेडा आहे का?” तो म्हणाला. “तसं काम मी जन्मात एकदा केलंय. माझ्या कारखान्यात गोणपाटाखाली आहे, जशीच्या तशी. मीच काढली, हेडसरांनी काढायला लावली. ही नवी पत्र आल्या दिवशीच सांगितली होती मला.” मग त्याने भंगारवालीकडे बघायचा प्रयत्न केला, पण ते त्याला जमलं नाही. “वहिनींनी तिला हातसुद्धा लावला नाही.”

कुणी ओरडलं नाही. हेडसर काही तरी संशोधनाबद्दल, गावाच्या प्रतिष्ठेबद्दल बोलू लागले, पण लोक ऐकण्याऐवजी पायांकडे बघत होते. गर्दीत नदीपलीकडच्या गावचे दोघे-तिघे होते, ते हसले. कार्यालयातल्या बाईंनी वही काढून काही लिहिलं. मग माणसं दोघे-दोघे, चौघे-चौघे करून गावाकडे निघाली. तिच्या बाजूने जाताना प्रत्येकाला खाली काही तरी पडलंय असं वाटत असावं.

तिला वाटलं होतं, हे झालं की बरं वाटेल. तसं झालं नाही. त्या सव्वाशेतला एकही माणूस थांबून तिला ‘चुकलो’ म्हणाला नाही.

पुढचं गावाने गावाच्या पद्धतीने निपटलं. पोलिसाने कागदावर ‘वस्तू मिळाली’ असं लिहून फाइल बंद केली. हेडसरांनी तब्येतीचं कारण देऊन समिती सोडली. जुनी पाटी वाचनालयात फोटोच्या खाली ठेवली गेली आणि ओतारी येईल त्याला तिचं स्वच्छ ओतकाम दाखवू लागला. भंगारवालीने त्याला माल देणं मात्र बंद केलं. तो दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तिने सांगितलं, “पितळ शिल्लक नाही,” आणि तो तिच्या मागच्या पितळेच्या ढिगाकडे बघून परत गेला.

बुधवारी किराणावाल्याची बायको फुटक्या पातेल्यांची पिशवी घेऊन आली. “आपल्या माणसालाच द्यावं म्हटलं,” ती हसून म्हणाली.

“पलीकडे नेऊन द्या,” भंगारवाली म्हणाली. “तिकडची वाट आता तुमच्या पायाखालची आहे.”

नणंदेने त्या दिवशी ताट यंत्रापाशी नेलं नाही. दोन्ही ताटं वाढून ती स्वयंपाकघरात बसून राहिली. भंगारवाली हात धुऊन आली, तिने आपलं ताट उचललं आणि आवारात पिंपावर जाऊन जेवली.

“किती दिवस असं?” नणंदेने दारातून विचारलं.

“बघू.”

“मी नुसतं विचारलं होतं, वहिनी. आरोप केला नव्हता.”

“विचारलं होतंस,” भंगारवाली म्हणाली. “तेच.”

शुक्रवारी सकाळी दहाला गेट वाजलं. हेडसर होते, टोपी घालून, हातमोजे हातात धरून. या वेळी बरोबर कुणी नव्हतं आणि रस्त्यावरून जाणारी माणसं नमस्कार न करता पुढे जात होती. पाच दिवसांत ते खूप वाळल्यासारखे दिसत होते.

“काम अर्धं राहिलं होतं,” ते म्हणाले. “ते पुरं करतो म्हटलं.”

तिने गेट हातभरच उघडलं होतं. तिच्या मागे सहाही ढीग जागच्या जागी लागलेले होते. त्यांनी तीन दिवस बसून निवडलेलं सगळं तिने पुन्हा उसकटून, नव्याने निवडलं होतं, कारण त्यात तुकड्यागणिक चूक होती.

“संपलं काम.”

ते हलले नाहीत. “मग मी काय करू?” त्यांनी विचारलं. आवाजात शाळा नव्हती. खरंच विचारत होते.

तिला क्षणभर वाटलं, आत घ्यावं. एखादं शिशाचं पोतं पुढ्यात टाकावं, बसू द्यावं. म्हातारा माणूस होता आणि त्याला जायला दुसरं ठिकाण उरलं नव्हतं. पण दोन दिवसांनी त्याच्यासाठी पुन्हा कुणी तरी पाणी घेऊन येईल, हेही तिला दिसत होतं.

“ते मला कशाला विचारता?” ती म्हणाली. “ट्रक यायची वेळ झालीय. बाजूला व्हा.”

तिने गेट लावून आतून कडी घातली आणि तांबं वजनकाट्यावर चढवायला घेतलं.